पाळी कुणाची? : संगणकाच्या वेळवाटपाचा इतिहास

टंचाई आली की वाटणी आली, आणि वाटणी आली की न्याय-अन्यायाचा प्रश्न आलाच. जमीन, पाणी, धान्य यांच्या वाटणीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. वतनांचे तंटे, बांधाचे वाद, पाटाच्या पाण्याच्या पाळ्या हे सारे इतिहासाचे विषय झाले. मात्र गेल्या साठ वर्षांत माणसाने एका नव्याच वस्तूची वाटणी केली आहे. ती वस्तू म्हणजे संगणकाचा वेळ. या वाटणीचे नियम कुणी ठरवले, ते कोणत्या शब्दांत लिहिले गेले आणि दर टप्प्यावर ‘न्याय्य’ या शब्दाचा अर्थ कसा बदलला, हे या लेखात मांडायचे आहे. मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. जुनी मॅन्युअल्स, शोधनिबंध आणि रद्दीतून उचललेली यंत्रे हेच माझे विद्यापीठ. तेव्हा लेखात तांत्रिक शब्द आला, तर त्याचा अर्थ मला जसा उमगला तसाच सांगेन.

आज मोठ्या संस्थांच्या संगणककक्षात खरी यंत्रे थोडी आणि आभासी यंत्रे पुष्कळ असतात. एका खऱ्या यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरच्या आधारे दहा-वीस ‘यंत्रे’ नांदत असतात आणि प्रत्येकाला वाटते की सारे घर आपलेच आहे. अशी खरी यंत्रे एकत्र बांधली की त्याला क्लस्टर म्हणतात. कोणते आभासी यंत्र कोणत्या खऱ्या यंत्रावर बसवायचे, कुणाला कधी हलवायचे आणि कुणाला थांबवायचे, याच्या नियमांना शेड्यूलिंग पॉलिसी हे नाव आहे. हे नियम बहुधा एका ओळीच्या कमांडने बदलता येतात. ती ओळ टंकून एंटर दाबले की शेकडो कामांची पाळी बदलते. ज्यांची कामे मागे पडली, त्यांना याचा पत्ताही नसतो. या एका ओळीमागे केवढा इतिहास आहे, हे पाहू.

रांगेचा काळ

सुरुवातीला वाटणी यंत्राच्या बाहेर होत असे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळच्या पद्धतीनुसार संशोधक आपला प्रोग्रॅम छिद्रांच्या कार्डांवर उतरवून तो गठ्ठा खिडकीत देत आणि छापील उत्तराची वाट पाहत. गठ्ठ्यांची रांग लागे. कोणता गठ्ठा आधी घ्यायचा, हे संगणककक्षातली माणसे आणि त्यांचे कागदी नियम ठरवत. जगभर थोड्याफार फरकाने हेच चाले. एका कार्डात चूक निघाली तर पुन्हा रांगेच्या शेवटी जावे लागे. यंत्र महाग होते आणि माणसाचा वेळ स्वस्त, म्हणून यंत्र एक क्षणही मोकळे राहू नये, हा त्या रांगेचा पहिला नियम होता.

हा हिशेब उलटा करण्याचे श्रेय एमआयटीच्या फर्नांदो कॉर्बातो यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाते. नोव्हेंबर १९६१मध्ये त्यांनी आयबीएम ७०९ या यंत्रावर एक प्रयोग करून दाखवला. अनेक माणसे आपापल्या टंकयंत्रापुढे बसून एकाच वेळी एकच संगणक वापरत होती. यंत्र प्रत्येकाला क्षणभर वेळ देऊन पुढच्याकडे वळत होते. या व्यवस्थेचे नाव सीटीएसएस. १९६२च्या निबंधात कॉर्बातोंनी मांडलेली वाटणीची रीत आजही शिकवली जाते. रांग एक नव्हती, अनेक होत्या. नवे लहान काम वरच्या रांगेत बसे. दिलेल्या वेळात ते संपले नाही, तर खालच्या रांगेत जाई. तिथे त्याला दुप्पट वेळ मिळे, पण वरच्या रांगा मोकळ्या झाल्यावरच. मोठा प्रोग्रॅम तर सुरुवातीलाच खालच्या रांगेत बसवला जाई, कारण त्याची स्मृतीत ने-आण करण्यातच यंत्राचा वेळ जात असे.

इथे न्यायाची पहिली व्याख्या दिसते: ज्याचे मागणे थोडे, त्याला आधी. गिरणीत पायलीभर दळण घेऊन आलेल्याला पोत्यांवाल्याच्या आधी सोडतात, त्यातलीच ही समजूत आहे. लहान कामवाल्याचे ताटकळणे वाचते आणि मोठ्या कामवाल्याला थोड्या उशिराने फारसा फरक पडत नाही. हा नियम आता खिडकीवरच्या माणसाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. तो यंत्राच्या आत शिरला होता.

हुकूम कुणी द्यायचा

आभासी यंत्राची कल्पना याच सुमारास आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात आकाराला आली. रॉबर्ट क्रीझी यांच्या गटाने केलेली सीपी-४० ही व्यवस्था १९६७च्या आरंभी वापरात आली. तिच्यात एका यंत्रावर चौदा आभासी यंत्रे चालत. पुढे सीपी-६७ आली आणि ऑगस्ट १९७२मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केली.

व्हीएम/३७०ची मॅन्युअल्स मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांत समाजरचना दिसते. वापरणाऱ्यांचे ए ते जी असे वर्ग होते. ‘जी’ वर्गातला साधा वापरकर्ता आपल्या आभासी यंत्रापुरता मालक असे. ‘ए’ वर्गातला ऑपरेटर मात्र ‘सेट फेवर्ड’ ही कमांड देऊन एखाद्या आभासी यंत्राला झुकते माप देऊ शके आणि ‘सेट प्रायॉरिटी’ने त्याचा क्रम बदलू शके. ‘इंडिकेट क्यूज’ ही कमांड दिली की कोण पाळीवर आहे आणि कोण अजून दाराबाहेर आहे, याची यादी समोर येई. पुढच्या आवृत्त्यांत ‘सेट शेअर’ आली. तिच्यात प्रत्येकाचा वाटा आकड्यात सांगता येऊ लागला. काही सांगितले नाही तर प्रत्येकाचा सापेक्ष वाटा १००. कुणाला २०० दिला, तर ओढाताणीच्या वेळी त्याला इतरांच्या दुप्पट मिळणार.

एका गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. मर्जीतल्या यंत्राला झुकते माप देणारी कमांड तिच्या नावातच तसे कबूल करत होती. पुढे आलेला ‘शेअर’ हा शब्द अधिक तटस्थ वाटतो, पण त्यातही शंभर की दोनशे हे कुणीतरी ठरवावेच लागते. शब्द सौम्य झाला तरी ठरवणारा तोच राहिला.

युनिक्समध्ये याच सुमारास ‘नाइस’ ही कमांड आली. नाइस म्हणजे भला, समंजस. आपल्या कामाला मोठा आकडा दिला की ते इतरांना वाट करून देते. साध्या माणसाला अधिक भले होण्याची मुभा होती. भलेपणा कमी करून पुढे घुसण्याचा अधिकार फक्त प्रशासकाला होता. सगळी भिस्त सौजन्यावर ठेवणारी ही व्यवस्था छोट्या मित्रमंडळात चालली. गर्दी वाढली तशी ती अपुरी पडली.

१९७५ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात हायड्रा ही कार्यप्रणाली घडवणाऱ्या गटाने एक निबंध सादर केला. यंत्रणा वेगळी ठेवा आणि धोरण वेगळे ठेवा, हे त्याचे सार होते. कामे थांबवणे, सुरू करणे, हलवणे ही यंत्रणा. कुणाला थांबवायचे हे धोरण. यंत्रणा एकदाच नीट बांधावी, धोरण मात्र बाहेरून बदलता यावे. आजच्या प्रत्येक शेड्यूलिंग पॉलिसीचे मूळ या विचारात आहे. संगणकशास्त्रात ही सोयीची बाब म्हणून शिकवली जाते. मला ती सोयीहून मोठी वाटते. धोरण यंत्रणेत गाडलेले असेल तर त्याच्याशी वाद घालता येत नाही. ते वेगळे काढून ओळीत लिहिले, की ‘हे असेच का?’ असे विचारता येते.

माणसाचा वाटा, पैशाचा वाटा

न्यायाची दुसरी व्याख्या सिडनी विद्यापीठातून आली. तिथे एकाच यंत्रावर अनेक विद्यार्थी काम करत. जुन्या रीतीत प्रत्येक कामाला सारखा वेळ मिळे. मग ज्याने दहा कामे सुरू केली त्याला दहा वाटे आणि ज्याचे एक काम त्याला एक वाटा. पंगतीत दहा पानांवर हात मारणाऱ्यासारखेच हे झाले. ज्युडी के आणि पिअर्स लाउडर यांनी जानेवारी १९८८मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वाटणीचे एकक बदलले. वाटा कामाला द्यायचा नाही, माणसाला द्यायचा. शिवाय मागे कुणी किती वापर केला याची नोंद ठेवायची आणि ती हळूहळू पुसट होऊ द्यायची. काल ज्याने फार घेतले त्याला आज थोडे मागे राहावे लागेल, पण जन्मभर नाही. ताळेबंदात स्मरण आणि विस्मरण या दोहोंना जागा देणारा हा विचार मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत माणुसकीचा वाटतो.

तिसरी व्याख्या १९९४ची. एमआयटीचे कार्ल वॉल्डस्पर्गर आणि विल्यम वाइल यांनी सोडत पद्धत सुचवली. प्रत्येक कामाकडे काही तिकिटे असतील, दर पाळीला सोडत निघेल आणि ज्याचे तिकीट निघेल त्याची पाळी. तिकिटे जास्त तर संधी जास्त, पण एक तिकीट असलेलाही कायमचा उपाशी राहणार नाही. एखादे काम दुसऱ्यासाठी खोळंबले असेल, तर ते आपली तिकिटे त्याला उसनी देऊ शकत असे.

वॉल्डस्पर्गर पुढे व्हीएमवेअर या कंपनीत गेले. १९९८मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने आभासी यंत्रे महागड्या मेनफ्रेमवरून साध्या यंत्रांवर आणली. २००२ साली त्यांनी व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हरमधल्या स्मृतीच्या वाटणीवर निबंध लिहिला. त्यात एक अडचण नोंदवली आहे. पैसे भरून मोठा वाटा घेतलेले यंत्र स्मृती नुसती अडवून बसले आणि लहान वाट्याचे यंत्र गरजेपोटी तडफडत असेल, तर काय करायचे? त्यांचा उपाय होता पडीक स्मृतीवर कर. या कराचा ठरावीक दर ७५ टक्के होता. न वापरलेली स्मृती धरून ठेवणे महाग करायचे, म्हणजे टंचाईच्या वेळी ती आधी काढून घेता येते. पडीक जमिनीवर कर असावा की नसावा, हा आपल्याला परिचित असलेला वाद इथे यंत्राच्या पोटात चालू होता आणि त्याचा निकाल एका आकड्याने लागला होता.

‘कधी’पासून ‘कुठे’पर्यंत

तोवर प्रश्न ‘कधी’चा होता. मग चालू आभासी यंत्र न थांबवता एका खऱ्या यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याची विद्या आली. व्हीएमवेअरने ती २००३मध्ये बाजारात आणली. २००५मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या झेन प्रकल्पाच्या लोकांनी ती निबंधात सविस्तर मांडली. लोक खेळत असलेल्या क्वेक ३ या खेळाचा सर्व्हर त्यांनी चालू खेळात हलवला. तो थांबला अवघा ६० मिलिसेकंद. म्हणजे आता एकेका यंत्राच्या वेळेबरोबर सगळ्या क्लस्टरची जागाही वाटायची होती.

व्हीएमवेअरने २००६मध्ये डीआरएस ही सोय आणली. यंत्रांवरचा भार असमान झाला की ती स्वतः हलवाहलव करते किंवा नुसती शिफारस करून थांबते. किती उतावळेपणाने हलवायचे, याची पाच पायऱ्यांची पट्टी होती. दरम्यान ऑक्टोबर २००६मध्ये कुमरानेट या इस्रायली कंपनीच्या अवि किवितींनी केव्हीएम जाहीर केले. फेब्रुवारी २००७च्या लिनक्समध्ये ते सामील झाले आणि २००८मध्ये रेड हॅटने कुमरानेट विकत घेतली. त्या घराण्यातून २०११च्या अखेरीस ओव्हर्ट हा खुला प्रकल्प पुढे आला. कुणालाही फुकट मिळणारा आणि वाचता येणारा असल्यामुळे माझ्यासारख्याचा अभ्यास त्यावर झाला.

ओव्हर्टमध्ये प्रत्येक क्लस्टरला एक धोरण नेमता येते. त्यातली दोन एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. ‘समान वाटप’ हे धोरण असले की एखाद्या यंत्राचा प्रोसेसर ८० टक्क्यांच्या वर दोन मिनिटे राहिला, तर त्याच्यावरची आभासी यंत्रे कमी भाराच्या यंत्राकडे हलवली जातात. ‘वीजबचत’ या धोरणात वरची मर्यादा असतेच, शिवाय खालची २० टक्क्यांची मर्यादाही असते. तिच्या खाली रेंगाळणाऱ्या यंत्रावरची कामे इतरत्र नेऊन ते यंत्र मोकळे करायचे आणि सोय असेल तर बंद करायचे. हे आकडे आणि मिनिटे कमांडने बदलता येतात. आणखी एक धोरण प्रोसेसर न पाहता आभासी यंत्रांची डोकी मोजते. त्यात साठवणुकीचा कारभार सांभाळणाऱ्या यंत्राला मुद्दाम थोडा कमी भार देण्याची तरतूद आहे. घरच्या कारभाऱ्याला शेतीच्या कामात थोडी सूट द्यावी, तशी.

मी तीन जुन्या यंत्रांचा क्लस्टर करून ही दोन्ही धोरणे आलटून पालटून लावली. आभासी यंत्रे तीच, त्यांची कामेही तीच. समान वाटपात तिन्ही यंत्रांवर थोडी थोडी कामे राहिली. धोरणाचे नाव बदलणारी ओळ दिली आणि काही मिनिटांत कामे एकीकडे गोळा होऊ लागली. माझ्या यंत्रांना दुरून बंद-चालू करण्याची सोय नसल्याने ती बंद झाली नाहीत, नुसती रिकामी बसली. ज्या यंत्राला पहिल्या धोरणाने ‘याला अजून काम द्या’ म्हटले, त्यालाच दुसऱ्याने ‘याचे काम काढून घ्या’ म्हटले. आकडे तेच होते, त्यांचा अर्थ फिरला होता.

ही न्यायाची चौथी व्याख्या. इथे आता वाट पाहणारा माणूस दिसेनासा होतो. विजेचे बिल, यंत्रांची थकवणूक, थंड हवेचा खर्च हे नवे हिस्सेदार पंगतीला येऊन बसतात. ते येऊ नयेत असे मी म्हणत नाही. रिकामे यंत्र रात्रभर वीज खात बसणे हाही अन्यायच आहे. पण एक पंगत वाढली की जुन्या पानात थोडे कमी पडणारच, आणि ते कुणाच्या पानात हे कुठेतरी लिहिलेले असावे.

ओळीचे मोल

ते लिहिले जाते कमांड लाइनवर. ओव्हर्टला चित्रमय पडदा होता, तिथे माउसने धोरण निवडता येई. त्याबरोबर ओव्हर्ट-शेल हे टंकून वापरायचे साधनही होते. त्यात ‘अपडेट क्लस्टर’ म्हणून क्लस्टरचे नाव, धोरणाचे नाव आणि मर्यादांचे आकडे एका ओळीत द्यायचे. अनेकांना ही रीत रूक्ष वाटते. मला मात्र तीत कागदपत्राचे गुण दिसतात. ओळ फाइलमध्ये ठेवता येते, तिच्यावर तारीख घालता येते, शेजारी कारण लिहिता येते, दुसऱ्याला वाचून दाखवता येते. पडद्यावरची निवड आज काय आहे तेवढे सांगते. जपून ठेवलेल्या ओळी काल काय होते आणि कधी बदलले, तेही सांगतात.

२०१६च्या चौथ्या आवृत्तीपासून ओव्हर्ट-शेल कालबाह्य ठरवले गेले आणि लोक ॲन्सिबलसारख्या साधनांकडे वळले. रेड हॅटनेही पुढे आपले लक्ष कुबरनेटीसवर बेतलेल्या ओपनशिफ्टकडे वळवले. कुबरनेटीसमध्येही आधी अपात्र यंत्रे गाळायची आणि उरलेल्यांना गुण द्यायचे, असाच क्रम आहे. गूगलने २०१५मध्ये आपल्या बोर्ग या व्यवस्थेवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात कामांचे चार थर आहेत: देखरेखीची, उत्पादनाची, सावकाश चालणारी आणि ‘जमले तर’ची. वरच्या थराला जागा हवी झाली की खालच्याला उठवले जाते. सीटीएसएसमध्ये काम स्वतःच्या वागण्याने खाली जाई. इथे ते जन्मतःच एका थरात असते. थर कुणाचा कोणता, हे काम सुरू करणाऱ्याने लिहून द्यायचे.

माझे म्हणणे एवढेच आहे की या ओळी इतिहासाची साधने आहेत. निकालाच्या दिवशी लाखो मुले एकाच वेळी गुणपत्रिका मागतात, रुग्णालयात नोंदणीची रांग पडद्यावर खोळंबते, तेव्हा मागे कुठेतरी एखादे धोरण कोणाला पुढे सोडायचे हे ठरवत असते. यंत्र धीमे आहे, एवढेच आपण म्हणतो. पुष्कळदा यंत्र धीमे नसते, आपला वाटा लहान असतो. तो लहान असण्याला सबळ कारण असूही शकेल. पण ते कारण विचारायचे तर वाटा ठरवणारी ओळ कुठे आहे, ती कुणी लिहिली आणि कधी, हे कळायला हवे.

सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संगणककक्षांनी निदान धोरण बदलणाऱ्या ओळी, त्यांच्या तारखा आणि एका वाक्यात कारण एवढे जपून ठेवावे. त्यात गुपित काही नाही आणि जागाही फारशी लागत नाही. जुन्या दफ्तरांतून मिळालेल्या पाण्याच्या वाटपाच्या एखाद्या कागदावरून आपण गावाचा अर्धा इतिहास उभा करतो. व्हीएम/३७०च्या मॅन्युअलमधल्या ए ते जी या वर्गांवरून मला १९७०च्या दशकातल्या संगणककक्षाची उतरंड वाचता आली, कारण कुणीतरी ते पुस्तक फेकले नव्हते. आजच्या ओळी उद्याच्या अभ्यासकाला मिळतील की नाही, हे आज त्या लिहिणाऱ्यांच्या हातात आहे.